कृष्णाविना सांदीपनी

मध्य प्रदेश शासनाने एप्रिल 2025 मध्ये आपल्या ‘सीएम राइज’ शाळांचे नामकरण ‘सांदीपनी विद्यालय’ असे केले, तेव्हा सरकारी पाटीवरचे इंग्रजी नाव गेले म्हणून पुष्कळांना समाधान वाटले. मात्र या नावाबरोबर शासनाने केवढे ओझे डोक्यावर घेतले आहे, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. सांदीपनी हे उज्जैनचे ऋषी, आणि त्यांच्या आश्रमाची ख्याती इमारतीमुळे किंवा स्मार्ट वर्गामुळे झालेली नसून, द्वारकेचा भावी राजा आणि घरात दाणा नसलेला सुदामा हे दोघे तेथे एकाच गुरूपुढे बसले यामुळे झालेली आहे. एका वस्तीतील सर्व मुलांनी, पालकांची मिळकत काहीही असो, एकाच शाळेत शिकावे या व्यवस्थेला शिक्षणशास्त्रात ‘समान शाळा पद्धती’ म्हणतात; तिची शिफारस करण्यासाठी देशाला कोठारी आयोग नेमावा लागला आणि त्याचा अहवाल 1966 साली आला, परंतु सांदीपनींनी ती कोणताही आयोग न नेमता अमलात आणली होती.

या प्राचीन पद्धतीत आधुनिक काळाने एकच सुधारणा केली आहे, ती म्हणजे कृष्णाला हजेरीतून सूट देण्यात आली आहे, आणि तिचा अभ्यास करण्यास पांढुर्णा व सौंसर हे तालुके फार सोयीचे आहेत. छिंदवाड्यातून वेगळे होऊन 5 ऑक्टोबर 2023 रोजी या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. जिल्ह्याबरोबर अधिकारी येतात, अधिकाऱ्यांबरोबर त्यांची मुले येतात, आणि त्या मुलांबरोबर शाळेचा प्रश्न येतो, जो ‘कॉन्व्हेंट’ या शब्दाने सुटतो. या भागात कॉन्व्हेंट म्हणजे जोगिणींचा मठ नव्हे. जिच्या गणवेशात टाय आहे, जिची पिवळी व्हॅन दारापर्यंत येते आणि जिच्या फीची पावती पाहून शेजारी गप्प बसतो, अशी कोणतीही खासगी शाळा या संज्ञेत बसते. ज्यांना तीही उणी वाटते ते मुलाला नागपूरला ठेवतात, आणि संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे फुलोऱ्याचा एक हंगाम, ज्यांना साधला ते त्या वर्षापुरते या वर्गात दाखल होतात. संत्र्याच्या धंद्यात प्रतवारी, म्हणजे आकार आणि रंग पाहून मालाचे वेगवेगळे ढीग लावणे, फळ तयार झाल्यावर होते. मुलांच्या बाबतीत ती फूल धरण्याआधीच, बापाचा खिसा चाचपून, उरकली जाते.

उरलेल्या ढिगासाठी गावची शासकीय शाळा आहे. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक असलेच पाहिजेत, म्हणजे ‘एकशिक्षकी शाळा’ ही वस्तू कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच असू शकत नाही. तरीही देशात अशा अस्तित्वात नसलेल्या शाळांची संख्या एक लाखाहून अधिक आहे. तेथील एकमेव शिक्षक पाच वर्ग एकाच फळ्यावर शिकवतो, आणि जनगणना, निवडणूक व आपत्ती ही तीन कामे त्याच्याकडून घेण्याची मुभा त्याच कायद्याने ठेवलेली असल्यामुळे, शाळेवर आलेली आपत्ती तेवढी त्याला हाताळता येत नाही. रिकाम्या जागी राज्याने ‘अतिथी शिक्षक’ नेमले आहेत. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी या शब्दाची पारंपरिक फोड सांगतात. मध्य प्रदेशाने तिच्यात भर घालून ज्याच्या जाण्याची तिथी मात्र निश्चित आहे असा अतिथी निर्माण केला. प्राथमिक वर्गांना शिकवणाऱ्या या पाहुण्याचे मानधन 2023 साली महिना पाच हजारांवरून दहा हजार रुपये झाले, आणि पुढच्याच वर्षी, पाहुणा म्हणून आलेल्याने घरावर ताबा सांगू नये अशा आशयाचे विधान खुद्द शालेय शिक्षणमंत्र्यांनी केल्यामुळे, अतिथी देवो भव या वचनाला सेवाशर्ती लागू आहेत हेही स्पष्ट झाले.

सुदाम्यांवर अन्याय होऊ नये म्हणून कायद्याने एक खिडकी ठेवली आहे. खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातील किमान पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्याव्यात, अर्ज जास्त आले तर सोडत काढावी आणि खर्चाची ठरावीक भरपाई शासनाने शाळेला करावी, अशी ती तरतूद आहे. आपल्या शाळेतून मूल बाहेर पडावे यासाठी शासन स्वतःच्या तिजोरीतून पैसे मोजते, आणि ज्याचा नंबर लागतो त्याचे अभिनंदन होते. म्हणजे सरकारी शाळेतून सुटका हे बक्षीस आहे, ही गोष्ट त्या शाळांच्या मालकाने अधिकृतपणे मान्य केली आहे. हॉटेलवाल्याने गिऱ्हाइकाला समोरच्या खानावळीचे कूपन द्यावे आणि आपल्या भटारखान्याविषयी अवाक्षर काढू नये, असा हा व्यवहार आहे.

प्रतवारीचे दुसरे परिमाण भाषेचे आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि मराठी बोलणारे पांढुर्णा-सौंसर मध्य प्रदेशात राहिले. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद 350अ आला, ज्यानुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करायचा आहे. या अनुच्छेदातील ‘प्रयत्न’ हा शब्द गेली सात दशके अत्यंत इमानाने पाळला जात आहे. घरी ‘काऊन बे’, म्हणजे ‘का रे’, म्हणणारे मूल शासकीय शाळेत हिंदी पुस्तक उघडते आणि कॉन्व्हेंटात गेलेच तर इंग्रजीतून फळांची नावे पाठ करते. अशा रीतीने मराठी वावरात, हिंदी कचेरीत आणि इंग्रजी पैशाच्या जवळ, अशी तिन्ही भाषांची वाटणी झाली असून ती करताना कोणीही भाषिक वादाचा अर्ज केलेला नाही.

नव्या सांदीपनी विद्यालयांना मात्र शासकीय शाळा म्हणून हिणवणे योग्य होणार नाही, कारण प्रयोगशाळा, वाहन आणि पुरेसे शिक्षक ही त्यांची कल्पना खरोखर चांगली आहे. अडचण फक्त अंकगणिताची आहे. राज्यात शासकीय शाळा नव्वद हजारांहून अधिक, त्यांपैकी सुमारे 9,200 शाळांचा कायापालट करण्याचा संकल्प, आणि प्रत्यक्ष पहिला टप्पा पावणेतीनशेच्या आसपास. म्हणजे सुदाम्यांमध्येही आता निवडक सुदामा आणि किरकोळ सुदामा अशी पोटजात तयार झाली आहे.

समान संधीचे एक उदाहरण या परिसरात आहे, हे नमूद न करणे अन्यायाचे होईल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा लागतो, आणि पांढुर्णा व सावरगाव हे दोन काठ तो मिळवण्यासाठी एकमेकांवर दगड फेकतात. या गोटमारीत दोन्ही काठांना एकाच नदीचे गोटे मिळतात, झेंडा मधोमध असतो आणि डोके फुटलेल्यांसाठी रुग्णवाहिका व डॉक्टर आधीपासून हजर असतात. शाळेच्या शर्यतीत झेंडा एकाच काठावर रोवलेला आहे आणि जखमींची नोंद गळती या एका शब्दात होते.

यावर उपाय सुचवला गेला नाही असेही नाही. सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेतच घालावीत, यासाठी व्यवस्था करण्याचा आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयाने 18 ऑगस्ट 2015 रोजी उत्तर प्रदेश शासनाला दिला होता. तो अमलात आला नाही, आणि त्याचे कारण भागवतातील कथेतच सापडते. गुरुपत्नीने सरपण आणायला धाडलेले कृष्ण आणि सुदामा रानात वादळात सापडले, तेव्हा रात्रभर दोघेही सारखेच भिजले होते; पुढे फाटक्या पंच्यात मूठभर पोहे बांधून आलेल्या सुदाम्याला द्वारकेत कृष्णाने पाहताक्षणी ओळखले, ते त्या रात्रीच्या ओळखीवर. आजचा सुदामा मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयातील जनसुनवाईत, म्हणजे नागरिकांच्या तक्रारी ऐकण्याच्या साप्ताहिक बैठकीत, पोह्यांऐवजी शाळेच्या गळक्या छताचा अर्ज घेऊन उभा राहतो. त्याला अर्जाचा क्रमांक मिळतो. ओळख मिळत नाही, कारण टेबलापलीकडच्या घरातले कोणीही त्या छताखाली कधी भिजलेले नाही.