चारही चाकांचा मोह

डेन्व्हरला आलेल्या मराठी माणसाला पहिल्या हिवाळ्यात सर्दी होते आणि दुसऱ्या हिवाळ्यात सुबारू घ्यावीशी वाटते. माझी सर्दी बरी झाली होती. म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी २००८ सालची आउटबॅक पाहायला आम्ही लेडव्हिलला निघालो. मी, बायको आणि पुण्याहून आलेले बाबा. बाबांनी निघताना फ्रीजवरचं चुंबक खिशात टाकलं. लांबी भरलेल्या पत्र्याला ते चिकटत नाही.

डेन्व्हर मुळातच जवळपास कळसूबाईइतकं उंच. आयझेनहॉवर बोगद्याच्या तोंडाशी पोचेपर्यंत कळसूबाईवर दुसरी कळसूबाई चढवून झालेली असते. आमची समोरच्या दोनच चाकांना ओढ असलेली सेडान मात्र कुरकुर न करता चढत होती. डोंगरात सुबारूसारखी चारही चाकं ओढणारी गाडीच हवी, हा माझा सगळा युक्तिवाद तीच मोडून काढत होती.

बायको फोनवर या रस्त्याचे हिवाळ्यातल्या टायरांचे नियम वाचत होती. मॉरिसन ते डॉटसेरो, १ सप्टेंबर ते ३१ मे. "अरे, चारही चाकं ओढणाऱ्या गाडीच्या टायरलासुद्धा ३/१६ इंच नक्षी लागते."

"पण बर्फातून निघते ती पटकन!"

"निघते. थांबायचं काय? ब्रेक सगळ्याच गाड्यांच्या चारही चाकांना असतात."

यावर उत्तर नव्हतं, त्यामुळे मी देखाव्याचं कौतुक केलं.

फ्रीमाँट पास ओलांडून लेडव्हिलला, १०,१५२ फुटांवर, उतरलो. बाबांना धाप लागली, तरी चुंबक फिरलं. चारही दारांना चिकटलं. आत कुत्र्याचे केस इतके होते, की कुत्रा अजून गाडीतच असावा. मी मालकाला हेड गॅस्केटचं विचारलं, १,०५,००० मैलांना टायमिंग बेल्ट बदलला का विचारलं. पावत्या तयार होत्या. फाइल लावणाऱ्या माणसाविषयी बाबांना लगेच आदर वाटू लागला.

"किती देते?" बाबांनी विचारलं.

"पंचवीस."

बायकोने मैल-गॅलनचा हिशेब केला. "लिटरला साडेदहा, बाबा." बाबांनी चुंबक खिशात ठेवलं.

मग टायरचा विषय निघाला. या गाडीचे चारही टायर साधारण सारखेच झिजलेले लागतात, नाहीतर चाकांना जोर वाटून देणाऱ्या यंत्रणेवर ताण येतो. एक टायर फाटला आणि बाकीचे बरेच झिजलेले असले, तर चारही नवे.

"एकासाठी चार?" बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू टायर मीच फाडला होता.

शेवटी बायकोने मालकाला विचारलं, की हिवाळ्यात डेन्व्हरला किती वेळा जाता?

"हिवाळ्यात?" तो म्हणाला. "हिवाळ्यात कशाला जाईन?"

परतीच्या वाटेवर मी बराच वेळ गप्प होतो. बायकोने बर्फाच्या टायरांच्या किमती काढल्या होत्या, आणि चारांचा आकडा मोठ्याने वाचला.

"आणि स्टेपनी?" मागून बाबा म्हणाले.