कोरमराव, तुमची रजा कुणी मंजूर केली?

प्रति,
श्री. कोरमराव,
महासभा सभागृह, स्व. इंदिरा गांधी भवन,
भाईंदर (पश्चिम)

विषय : आपली प्रदीर्घ, बिनपगारी आणि कुणाच्याही लक्षात न आलेली रजा.

महोदय,

रविवारी सकाळी साडेदहा वाजता आमच्या मीरा रोडच्या सोसायटीत तुमचं निधन झालं. स्थळ स्टिल्ट पार्किंग. दोन स्कूटर बाजूला सारून मांडलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या. फ्लॅट चौसष्ट, हजर अकरा. उपविधी सांगतो की एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांतली जी संख्या कमी असेल ती भरली की झालं. म्हणजे वीस डोकी पुरेशी होती. दहाची सभा. साडेदहापर्यंत सेक्रेटरी मोबाईलमधलं घड्याळ बघत बसले, मग "गणसंख्येअभावी सभा तहकूब" असं जाहीर करून त्यांनी रजिस्टरमध्ये एक ओळ खरडली आणि पुढच्या ओळीला हात घालत म्हणाले, "चला, आता तहकूब सभा सुरू करू या." कुणी खुर्चीतून उठलंसुद्धा नाही. टँकरच्या बिलांची फाईल मांडीवर घेऊन बसलेल्या एका निवृत्त मास्तरांनी विचारलं, "अहो, आणखी नऊ जण आले असते तर?" सेक्रेटरी म्हणाले, "तर सभा दहाला झाली असती. आता साडेदहाला होतेय. फरक काय?"

हा प्रश्न त्यांनी मास्तरांना विचारला, पण उत्तर तुमच्याकडे असायला हवं. म्हणून हे पत्र, आणि तेही तुमच्या मोठ्या घरच्या पत्त्यावर.

कागदावर तुमचा थाट काय वर्णावा! 1949 च्या महानगरपालिका अधिनियमाला जोडलेल्या अनुसूचीत महासभा कशी चालवायची याचं एक अख्खं प्रकरण आहे. दर महिन्याला निदान एक सर्वसाधारण सभा, तीही वीस तारखेच्या आत. नोटीस पूर्ण सात दिवस आधी. सभा जनतेला खुली. दार लावून घ्यायचं तर हजर नगरसेवकांच्या बहुमताने तसा ठराव करायचा. आणि या सगळ्याच्या मधोमध तुम्ही : एकूण नगरसेवकांच्या एक तृतीयांश. मीरा-भाईंदरचे नगरसेवक 95, म्हणजे तुम्ही 32. बत्तीस माणसं बसलेली नसतील तर शहराच्या गटाराच्या झाकणाचाही निर्णय होऊ नये, इतका तुमचा दरारा.

मग ऑगस्ट 2022 उजाडला. 2017 मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली, निवडणूक झाली नाही, आणि आयुक्तच प्रशासक झाले. महासभेचे अधिकार त्यांच्याकडे, स्थायी समितीचे त्यांच्याकडे, आयुक्ताचे तर होतेच. तुम्ही बत्तिसाचे एक झालात, कोरमराव, आणि तरी दर वेळी शंभर टक्के भरलात!

त्या काळातली महासभा मी मनातल्या मनात अनेकदा भरवली आहे. आयुक्त गोषवारा तयार करतात आणि महासभेपुढे ठेवतात. महासभा, म्हणजे तेच, चष्मा पुसून तो वाचते. सूचक तेच. अनुमोदक शोधायला लांब जावं लागत नाही. चर्चेला कुणी उभं राहत नाही, कारण उभं राहिलं तर खुर्ची रिकामी पडून तुमचाच भंग व्हायचा. ठराव सर्वानुमते मंजूर. मग महासभा तो अंमलबजावणीसाठी आयुक्तांकडे पाठवते, आणि आयुक्त महासभेच्या इच्छेपुढे मान तुकवतात. अर्थसंकल्पाचंही तेच. कायद्याने त्याचा प्रवास आयुक्त, स्थायी समिती, महासभा असा लांबचा. वाटेत कुणीतरी त्याला अडवावं, खिसे तपासावेत, ही अपेक्षा. कराचे दर 20 फेब्रुवारीच्या आत महासभेने ठरवायचे. इथे हा सारा प्रवास एका टेबलाच्या डाव्या बाजूकडून उजव्या बाजूकडे. दहिसर चेकनाक्यापलीकडे, मुंबईत तर 2025-26 चा 74,427 कोटींचा अर्थसंकल्प असाच पार पडला, तेव्हा आम्ही कुरकुरणारे कोण? महिन्याला एक सभा धरली तर आमच्या शहराच्या चाळीसेक महासभा अशा गेल्या. माझी व्यक्तीबद्दल तक्रार नाही. आयुक्त येतात, जातात, बदलतात. माझी तक्रार तुमच्याबद्दल आहे. चाळीस वेळा तुमच्या नावाने हजेरी लागली आणि तुम्ही एकदाही हरकत घेतली नाही!

आता थट्टा जरा बाजूला ठेवतो, कारण इथे माझं डोकं फिरतं. मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायलाच हवी, असं राज्यघटनेच्या 243-यू अनुच्छेदात लिहिलं आहे. सल्ला म्हणून नव्हे, बंधन म्हणून. इकडे काय झालं? ओबीसी आरक्षणाचा खटला सर्वोच्च न्यायालयात. एका सरकारने प्रभाग तीन सदस्यांचे केले, पुढच्याने पुन्हा चारचे केले. दोन्ही बाजूंचे लोक तारखा मोजत बसले आणि दोन्ही बाजूंना त्यात काही अडचण वाटली नाही. नवी मुंबई, वसई-विरार, संभाजीनगर तर 2020 पासूनच रांगेत. शेवटी 6 मे 2025 ला न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका उरका म्हणून बजावलं. ते चार महिनेही पुरले नाहीत आणि 31 जानेवारी 2026 पर्यंत मुदत वाढवून घ्यावी लागली. 15 जानेवारी 2026 ला आम्ही मत दिलं. ऑगस्ट 2022 ते जानेवारी 2026! एवढ्या अवधीत आमच्या वाडीतलं पोर चालायला, बोलायला शिकून बालवाडीत जातं. आणि या साऱ्या काळात आमच्या लाखोंच्या शहरात "आमची महासभा कुठे आहे?" म्हणून एक बस थांबली नाही, एक दुकान बंद झालं नाही. पाणी एक दिवस आलं नाही तर आम्ही रस्त्यावर बसतो. महासभा साडेतीन वर्षं आली नाही, तर व्हॉट्सअॅपवर साधं "गुड मॉर्निंग"ही चुकलं नाही. ज्या सभागृहाच्या नसण्याने कुणाचं काही अडत नाही, त्याने असताना तरी काय दिवे लावले होते, हा प्रश्न मग कुणी विचारला तर मी काय उत्तर देऊ?

असो. तुम्ही आता परत आला आहात. खुर्च्या भरल्या, हार-तुरे झाले. 2017 मध्ये 95 पैकी 61 जागा भाजपच्या होत्या. या वेळी त्याहूनही जास्त. आता हिशेब तुम्हीच करा. एका पक्षाच्या बाकावर तुम्ही दुपटीहून जास्त भरता. त्यांनी ठरवलं तर तुम्ही आहात, त्यांनी ठरवलं तर तुम्ही नाही. विरोधकांनी झाडून सभात्याग केला तरी तुमच्या अंगावर ओरखडा उठत नाही.

आणि तुमची सगळ्यात मोठी मेख तर अनुसूचीतच आहे. कोरम नाही हे सभेत कुणीतरी अध्यक्षांच्या नजरेला आणून द्यावं लागतं. तोवर तुम्ही आहातच, असं समजायचं. चहानंतर सभागृहात पंधराच डोकी उरली आणि विषय धडाधड मंजूर होऊ लागले, तरी कुणी उठून बोट दाखवत नाही तोवर कामकाज कायदेशीर. बरं, एखाद्याने दाखवलंच बोट, तर काय होतं? सभा तहकूब. उरलेले विषय तहकूब सभेत. आणि त्या तहकूब सभेत, कायदा शांतपणे म्हणतो, कोरम असो वा नसो, कामकाज उरकता येईल. म्हणजे जो नगरसेवक नियमासाठी उभा राहिला, त्यानेच प्रशासनाला बिनकोरमाची सभा ताटात वाढून दिली. हुशार नगरसेवक हे जाणतो आणि गप्प बसतो. नवा नगरसेवक एकदा बोट दाखवतो आणि पुन्हा दाखवत नाही. माझ्या सोसायटीचे सेक्रेटरी उगाच बदनाम. त्यांनी तर हा धडा थेट कायद्याच्या पुस्तकातून गिरवला आहे.

तुमच्या सभागृहातल्या बाकीच्या मंडळींबद्दल लिहायला बसलो तर पानं पुरणार नाहीत. आयत्या वेळचे विषय हे तुमचे थोरले बंधू. त्यांना सात दिवसांच्या नोटिशीची सवय नाही. त्याच अधिनियमाचं कलम 451 हे सासर. इथे केलेला ठराव मंत्रालयात जाऊन विखंडित होऊ शकतो. राजदंडाला सांगा, पळवला तरी निदान तुझा फोटो येतो.

खरं सांगू, कोरमराव? लिहिता लिहिता मला तुमची कीवही येऊ लागली आहे. तुमच्याकडून कुणी काय मागितलं आजवर? फक्त मुंडकी मोजायला. विषयपत्रिका किती जणांनी उघडून पाहिली हे तुम्हाला विचारायची परवानगी नाही. हात वर करणाऱ्याला विषय क्रमांक सांगता येतो का, हे तपासायची मुभा नाही. कोरोनात सभा ऑनलाइन गेल्या, तेव्हा कॅमेरा बंद केलेल्या काळ्या चौकटीही तुम्ही निमूटपणे मोजल्या असतील. झोपलेला मोजायचा, फोनवर बोलणारा मोजायचा, सही करून निघून गेलेला कुणी हटकेपर्यंत मोजायचा. आणि सभा फसली की खापर मात्र तुमच्या माथी : "कोरमअभावी सभा रद्द." माणसं आली नाहीत असं कुणी म्हणत नाही, कोरम झाला नाही म्हणतात.

म्हणून एक सुचवतो. हे शहर 1985 मध्ये ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झालं. पुढे उत्तन, डोंगरी, राई-मुर्धे याही गावांच्या पंचायती त्यात आल्या, आणि 2002 मध्ये महानगरपालिका झाली. त्या गावांत आज ग्रामपंचायत असती तर ग्रामसभा भरली असती, आणि तिथे तुम्ही नगरसेवकांनी नव्हे, मतदारांनी भरता : पंधरा टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. धावगीच्या डोंगरावर शहराचा कचरा कुणाच्या ठरावाने येतो, हे उत्तनच्या कोळणीने टोपली खाली ठेवून तिथे उभ्याउभ्या विचारलं असतं, आणि उत्तर देणाऱ्याला मागच्या दाराने जाता आलं नसतं. शहर झाल्यावर तिचा प्रश्न तिच्या नगरसेवकाकडे गेला, नगरसेवकाचा महासभेकडे, आणि साडेतीन वर्षं महासभेचा प्रशासकाकडे.

शहरातही अशी सभा भरवायची सोय कायद्यात झाली आहे, हे तुमच्या कानावर आलं नसेल. 2009 मध्ये राज्याने महानगरपालिकांसाठी क्षेत्रसभेची तरतूद केली. दोन ते पाच मतदान केंद्रांचं एक क्षेत्र, आणि तिथला प्रत्येक मतदार सभासद. मी ज्या भागात राहतो तिथे अशी क्षेत्रसभा भरल्याची नोटीस मला आजवर दिसलेली नाही. तुम्ही इंदिरा गांधी भवनातली नोकरी सोडा असं म्हणत नाही. पण या रिकाम्या जागेसाठी एक अर्ज टाकून पाहा. शिफारस लागली तर टँकरच्या बिलांची फाईल असलेले मास्तर सही करतील, मीही करीन. आणखी सह्या मात्र तुम्हालाच गोळा कराव्या लागतील.

आपला,
95 मध्ये कधीच न मोजलेला एक मतदार,
मीरा रोड (पूर्व)