मुंगसाचं बिल

विजेच्या बिलांच्या कचेरीत ३१ वर्षं काढून मी गावी परतलो. त्या वाक्यातला आमच्या वाडीला एकच शब्द ऐकू आला: वीज. कोणाचा पंप पाणी उचलेना, कोणाचा पंखा घरघरायला लागला की माणूस आमच्या पडवीत हजर. मी हिशेबाकडे होतो, तारेला आयुष्यात हात लावलेला नाही, असं मी प्रत्येकाला सांगितलं. लोकांनी ते माझ्या विनयाच्या खात्यात जमा केलं. पुढे मी तारेला हात लावला, तोही अनेकदा. पण त्यात विनय नव्हता.

कारण कोंबड्या. चौदा गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबड्याचं नाव साहेब, कारण तो कामाच्या ठिकाणी नुसता फिरायचा आणि मधूनच विनाकारण ओरडायचा. कोंबड्या पाळायची कल्पना सौभाग्यवतींची. घरची अंडी होतील, तांदळाची कणी फुकट जाते ती मार्गी लागेल, आणि "तुम्ही दिवसभर माझ्या मागे मागे असता, ते जरा कमी होईल." तिन्ही हेतू पहिल्या महिन्यात सफल झाले. दुसऱ्या महिन्यात एके सकाळी खुराड्याच्या दाराशी उशी फाटल्यासारखी पिसं पडलेली दिसली आणि मोजणी तेरावर आली.

कोंबडी मेली की ती कोणी मारली हे मढं बघून सांगता येतं, ही विद्या मला शेजारच्या तात्यांनी दिली. अंगणभर पिसं आणि कोंबडी चिंध्या करून टाकलेली असेल, तर कुत्रा. त्याला भूक नसते, खेळ असतो. मान किंवा डोकं चावलेलं आणि बाकी ऐवज जागच्या जागी, तर मुंगूस किंवा कांडेचोर. पिल्लू गेलं आणि मागे एक पीसही नाही, तर आकाशातली भानगड: शिक्रा, घार, नाहीतर कावळा. अंड्याला भोक पाडून आतलं प्यायलेलं असेल तर पुन्हा कावळ्यावर संशय घ्यावा. अंडं टरफलासकट नाहीसं झालं तर साप किंवा घोरपड. मी कचेरीतून येताना एक कोरी नोंदवही आणली होती. तिच्यात रकाने आखले: तारीख, कोंबडी, संशयित, शेरा. तात्या वही उलटसुलट बघून म्हणाले, "मुंगसाक बिल पाठवतलंस?"

चोरांचं काम पाळ्यांमध्ये चालतं हे वहीवरून लवकरच उघड झालं. मुंगूस हा दिवसपाळीचा माणूस. तो सकाळी उन्हं वर आली की गडग्याच्या चिऱ्यांतून मान काढून हजेरी लावतो. शिक्राही दिवसाच. तिन्हीसांजेला कोल्ह्याची पाळी. रात्री कांडेचोर माडावरून, छपरावरून, दिवसा आपण ज्या वाटेचा विचारही करत नाही त्या वाटेने येतो. बिबट्याला कोंबडीत फारसा रस नसतो. त्याला कोंबड्यांच्या राखणीला ठेवलेला कुत्रा आवडतो. म्हणून कुत्रा हा उपाय आमच्याकडे बाद झाला. आमच्या कुत्र्यालाही हे ठाऊक असावं; तो अंधार पडला की पडवीत येऊन माझ्या पायांवर झोपायचा. राखण कोण कोणाची करतंय हे त्याने कधी उघड केलं नाही. (मे महिन्यात मुंबईहून येऊन, हातपाय धुवायच्या आधी "वहिनी, वड्यांचं पीठ आहे ना?" विचारणारी एक जात आहे. तिची पाळी ठरलेली नसते आणि तिच्यावर तार अजून निघालेली नाही.)

पहिल्यांदा स्वस्तातले उपाय केले. जुन्या सीड्या दोरीने फणसाला टांगल्या. उन्हात त्या चकाकत आणि शिक्रा खरोखरच चार दिवस फिरकला नाही. पाचव्या दिवशी तो त्याच फांदीवर, भक्तिगीतांच्या सीडीशेजारी, पिसं साफ करत बसलेला दिसला. न्हाव्याकडून पिशवीभर केस आणून कुंपणाला पसरले, माणसाच्या वासाने जनावर लांब राहतं म्हणून. साहेबांच्या पायात ते केस गुंतले आणि त्यांना सोडवताना माझ्या मनगटावर तीन चोची बसल्या. खुराड्याशी रेडिओ लावून ठेवला. रात्री केंद्र बंद झालं की नुसती खरखर, आणि त्या खरखरीत कांडेचोराने एक तलंग उचलली. लुकलुकणारे लाल दिवे लावले तेव्हा वाडीतल्या दोघांनी येऊन विचारलं, घरात काही कार्य आहे का. बाकी बुजगावण्याला माझा जुना सफारी घातला होता, त्याबद्दल मी बोलणार नाही. सौभाग्यवतींनी त्याला एकदा चहा घ्यायला हाक मारली.

या सगळ्या उपायांचा रोग एकच. जनावर घाबरतं ते नवेपणाला. नवेपणा ओसरला की दिवा म्हणजे दिवा आणि सफारी म्हणजे सफारी.

मग जाळी. बाजारात षटकोनी भोकांची मिळते ती कोंबडीला आत ठेवायला ठीक, चोराला बाहेर ठेवायला नाही. ती दातांनी तुटते. म्हणून अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्ड केलेली जाळी आणली, आणि खाली उकरून कोणी येऊ नये म्हणून हातभर जाळी बाहेरच्या अंगाला जमिनीत आडवी पुरली. उकरणारा कुंपणाच्या अगदी मुळाशी उकरतो, दोन पावलं मागे जाऊन सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. काम चोख झालं. राहिली फक्त दाराखाली दोन बोटं फट.

चौथ्या दिवशी सकाळी खुराड्याच्या कोपऱ्यात नाग. फटीतून आला होता तेव्हा सडपातळ होता. अंडी गिळल्यावर त्याला त्याच फटीतून जाता येईना. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे. त्याचा फणा वर, माझा हात कोयंड्यावर. तालुक्याहून सर्पमित्र आला. त्याने आकडीने नागाला अलगद बाहेर घेतलं, तेव्हा घाबरलेल्या नागाने एक एक करून चार अंडी बाहेर टाकली, ओली, चकचकीत, न फुटलेली. सौभाग्यवती पायरीवरून म्हणाल्या, "चारच? काल पाच होती." सर्पमित्राने नागाकडे आणि नंतर माझ्याकडे पाहिलं. वहीत मी 'एक अंडे, वसुली प्रलंबित' असं लिहिलं.

त्यानंतर मात्र झटका मशीनच घ्यायचं ठरवलं. तालुक्याच्या दुकानात माझ्या पुढे दोडामार्गाकडचे एक गृहस्थ होते, हत्तीसाठी तार बघत होते. तिकडे २००२ साली कर्नाटकातून हत्ती उतरले, तेव्हापासून माडबागायतीला ही धास्ती आहे. त्यांच्या मागचा गव्यासाठी आला होता. दुकानदाराने मला विचारलं, "तुमचं काय? डुक्कर?" मी आवाज खाली आणून म्हटलं, "मुंगूस." दुकानात शांतता पसरली. हत्तीवाल्या गृहस्थांनी माझ्याकडे करुणेने पाहिलं.

मशीन मात्र गुणी. बारा व्होल्टची बॅटरी, तिला सौर पॅनल, आणि तारेवर सात-आठ हजार व्होल्टचा ठोका. एवढ्या व्होल्टनी माणूस मरत का नाही, हे मी घरी समजावून सांगितलं. झटका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो, सेकंदा-सव्वासेकंदाने एकदा येतो, आणि दोन झटक्यांच्या मध्ये तार मेलेली असते. तेवढ्यात हात सोडवून घेता येतो. "म्हणजे तुमच्या मोठ्या बहिणीसारखं," सौभाग्यवती म्हणाल्या. वन्संच्या बोलण्यात खरोखरच मध्ये मध्ये श्वास घेण्याइतकी फट असते, हे मला तोवर जाणवलं नव्हतं.

इथे एक गोष्ट न हसता सांगतो. वाडीतल्या एका जाणत्याने सुचवलं होतं, मशीन कशाला, घरातली वायर सरळ तारेला जोड. घरातला प्रवाह ठोके देत नाही, तो सलग असतो आणि धरलेल्याला सोडत नाही. अशा तारेने रानातलं जनावर मरतं, सकाळी गवताला गेलेली बाई मरते, आणि जोडणारा तुरुंगात जातो. कचेरीत अशा अपघातांच्या फायली माझ्या टेबलावरून गेल्या आहेत. त्या मी रकाना बघून पुढे ढकलायचो. आता त्यातल्या दोन-तीन अजून आठवतात.

तर मशीन लावलं. टक, टक, टक. आणि झटका नाही. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "काका, अर्थिंग." झटका तारेतून जनावराच्या अंगात, पायांतून जमिनीत आणि जमिनीतून सळईवाटे परत मशीनला पोचला तरच लागतो. आमची जमीन जांभा दगडाची. एप्रिलमध्ये तिच्यात घामही मुरत नाही, वीज कुठून मुरणार? सळई हातभरही खाली जाईना. सगळं परसू फिरलो, तेव्हा बारमाही ओली जागा एकच सापडली: न्हाणीचं पाणी जातं तो अळूचा वाफा. तिथे तीन सळया ठोकल्या, तारही अळूवरूनच ओढली. गवताची हिरवी काडी तारेला लावून झटका येतो का ते बघायचं असतं. काडी लांब धरायची आणि हळूहळू पुढे सरकवायची. मी हळूहळूच सरकवली. चष्मा अळूत सापडला.

संध्याकाळी सौभाग्यवती फतफत्यासाठी अळू काढायला गेल्या आणि क्षणात रित्या हाताने परत आल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अळूला खाज असते ऐकलं होतं. झटका असतो हे आज कळलं." आमच्याकडे पुढचे पंधरा दिवस अळू झालं नाही आणि पहिले दोन दिवस चहाही.

तार अडवत नाही, ती आठवण करून देते. मुंगसाने ठरवलंच तर दोन तारांमधून तो सहज उडी मारून जाईल. त्याच्या नाकाला एकदा झणझणीत ओळख झाली पाहिजे, मग तो पुन्हा त्या वाटेला जात नाही. आणि नाकालाच, कारण अंगावरच्या केसांतून झटका नीट पोचत नाही; ओलं नाक मात्र उत्तम वाहक. तात्यांचा प्रश्न त्यामुळे बिनतोड होता: "तार घातलंस ती बरी केलंस, पण मुंगसाक सांगलंस काय?" मुंगसाला सांगण्यासाठी मी तारेला सुका बांगडा बांधला. पहिली आली तात्यांची मांजर. ती जमिनीवरून सरळ उभी, माझ्या खांद्याएवढी वर गेली आणि तिथूनच दिशा बदलून घरी गेली. मागोमाग मांजरीला काय झालं बघायला तात्या आले. गडग्यावरून वाकताना आधारासाठी त्यांनी जे धरलं, ते धरायला नको होतं. खाली बसल्या बसल्या ते बराच वेळ तळहाताकडे बघत राहिले आणि मग विचारते झाले, "कितीक पडला ह्या सगळा?" साडेदहा हजार, मी म्हटलं. "वीस कोंबे इले असते. धा मुंगसाक, धा तुका." वर त्यांनी आठवण केली की यंदा राखणदाराला कोंबडा द्यायचा राहिलाय. म्हणजे कोंबड्या राखाव्यात म्हणून राखणदाराला कोंबडा. साहेब तेव्हा नेमके समोरून चालले होते. ते थांबले.

मृग लागला आणि गवत वाढलं. गवत तारेला टेकलं की झटका त्यातून गुपचूप जमिनीत उतरतो. मशीन टकटक करत राहतं, कामात काही नाही. म्हणून दर आठवड्याला कोयती घेऊन तारेखालचं गवत काढायचं, आणि त्याआधी बटण बंद करायचं. 'त्याआधी' हा शब्द मला पावसाळाभर शिकावा लागला. आश्विनात वही बघितली तेव्हा झटक्यांची नोंद अशी होती: मी अकरा, सौभाग्यवती एक, तात्या एक, त्यांची मांजर एक, बुजगावणं बघून हसत मागे सरकलेले जावईबापू एक. मुंगूस: निरंक.

कोंबड्याही निरंकच. पिसांनी त्यांना काही लागत नाही. खालच्या तारेखालून त्या वाकून जातात किंवा वरून फडफडत फणसावर जाऊन बसतात. गावठी कोंबडी उडते, हे पुस्तकं विसरतात. मी राखलेल्या परसात दुपारी एकही कोंबडी नसायची. सगळ्या तात्यांच्या मांगराच्या गवतात अंडी घालायला. मशीन रिकाम्या जागेची राखण करत टकटकत असे, आणि कुंपणाबाहेर, चिऱ्यावर दोन पायांवर उभा राहून मुंगूस आत बघत असे.

त्याच सुमाराला बोडकी गेली. माझी लाडकी, मानेला पिसं नसलेली, त्यामुळे नेहमी नुकतीच न्हाऊन आल्यासारखी दिसायची. एका सकाळी मोजणीत आली नाही. पिसं नाहीत, मढं नाही. समोर चिऱ्यावर फक्त तो. मी वहीत लिहिलं: बोडकी, संशयित मुंगूस. मग 'संशयित' खोडलं.

तीनएक आठवड्यांनी पडवीत पेपर वाचत होतो. कुंपणापलीकडे, करवंदीच्या जाळीतून आवाज आला. आधी बोडकी निघाली, हाडं वर आलेली, धुळीने माखलेली. मागून पिल्लं. सात. उघड्या माळावर, ना तार, ना जाळी, ना दिवा, एकवीस दिवस ती अंड्यांवर रवणीला बसली होती. आता ती पिल्लं घेऊन सरळ तारेच्या दिशेने येत होती. पिल्लांची नाकं... पिल्लांना ओली नाकं नसतात हे मला माहीत होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही. मी पेपर टाकून मशीनकडे धावलो. पायाखाली ओला चिरा होता. तोल जाताना हाताला जे सापडलं ते धरलं.

बारा.

बसल्या जागेवरून बघितलं, तर बोडकी मला वळसा घालून, तारेखालून, मागे एक-दोन-तीन-सात, सगळी आत. टक, टक, टक.

संध्याकाळी वही काढली. मुंगसाच्या नावावरून एक कोंबडी वजा केली, 'दुरुस्त केले' असा शेरा मारला आणि खाली सही केली. नोकरीत मी कोणाचंही बिल इतक्या लवकर दुरुस्त करून दिलं नव्हतं.