माह्या मनात काय हाय, सांग बरं!

पोरीनं बी.ए.ला मानसशास्त्र घेतलं, ही बातमी अकोल्यात फिरायला वेळ लागत नाही आणि त्यानंतरचा प्रश्न ठरलेला असतो. "मंग माह्या मनात काय हाय, सांग बरं!" विचारणारे काका लग्नाच्या पंगतीत भेटतात, अमरावतीला निघालं की मूर्तिजापूरला गाडीत चढतात. काही जण तर सोबत तळहातही पुढे करतात. विल्हेल्म वुंट यांनी १८७९ साली लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हापासून हा विषय मोजमापाचा झाला, असं मी समजावून सांगते. काका शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "थे राहू दे. माह्यं सांग."

खरी गंमत प्रॅक्टिकलची. जर्नल पुरं करायचं तर 'प्रयुक्त' लागतो, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस. वर्गातल्या मैत्रिणी एकमेकींना लवकरच अपुऱ्या पडतात. मग सुट्टीत स्टॉपवॉच घेऊन घरच्यांकडे वळावं लागतं. हर्मन एबिंगहाउस यांनी निरर्थक शब्दांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या, स्वतःच विसरले आणि त्या विसरण्याचा हिशोब १८८५ साली छापला. त्यांना वऱ्हाडातली आजी मिळाली नाही, हे विज्ञानाचं भाग्य. मी यादी वाचली : लुम, झिक, गेप, फुस. आजी म्हणाली, "अर्थच नाही त पाठ कायले करू व माय?" मग तिनंच अर्थ लावले. झिक म्हणजे मामाची मोटरसायकल, लुम तिच्यामागं धावणारं कुत्रं, गेप त्यानं घेतलेला चावा आणि फुस म्हणजे टायर. सारी यादी तिला दुसऱ्या दिवशीही पाठ होती. माझ्या आलेखातली विस्मरणाची रेषा उतरायलाच तयार नव्हती.

मामाचं कापडाचं दुकान. त्याला मी म्युलर-लायरच्या रेषा दाखवल्या. फ्रान्झ म्युलर-लायर यांनी १८८९ साली मांडलेला हा भ्रम : रेषा दोन, लांबी एकच, पण एकीच्या टोकांचे बाण आत वळलेले, दुसरीचे बाहेर, त्यामुळं एक मोठी भासते. मामानं कागदाकडं धड पाहिलंही नाही. माझ्या तोंडाकडं पाहिलं. "दोनी सारख्याच असतीन. नाहीतर तू विचारलंच नसतं." प्रयोगाला बसलेला माणूस प्रयोगकर्त्याला काय हवं ते हेरतो आणि तसा वागतो, हे मार्टिन ऑर्न या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९६२ साली लेख लिहून मांडलं. मामाला ते गल्ल्यावर बसून कळलेलं. दुसऱ्याच्या मनातलं ओळखण्याची अपेक्षा माझ्याकडून, आणि ओळखतात ही मंडळी!

मनातलं ओळखणारे आणखी एक जण तर आमच्या विद्यापीठाच्या नावातच आहेत. आमचं अमरावती विद्यापीठ १९८३ चं. पदवीवर नाव गाडगेबाबांचं येतं, तेव्हा त्यांचं बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, आजोळी गुरं राखण्यात गेलं, हे आठवतं. मोठेपणी दिवसा खराट्यानं गाव झाडायचं आणि रात्री कीर्तनात प्रश्नामागून प्रश्न. लोक हो-नाही करत उत्तरं देत जायचे आणि शेवटी स्वतःच्याच कर्जासमोर, दारूसमोर, नवसाच्या बोकडासमोर येऊन उभे राहायचे. बाबांनी कुणाला "तुझ्या मनात हे आहे" असं सांगितलं नाही. त्याच्याच तोंडून वदवून घेतलं. मुलाखततंत्राच्या प्रकरणात त्यांना दोन पानं द्यायला माझी तरी हरकत नाही.

अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर आला की होस्टेलवर साथ पसरते. चिंताविकृतीचं प्रकरण वाचून झालं, की अर्ध्या मुली कुलूप पुन्हा पुन्हा ओढून पाहतात. परीक्षा संपली की बऱ्या होतात.

"मंग क्लिनिक कधी टाकतं?" हा काकांचा पुढचा प्रश्न. नुसत्या बी.ए.वर ते टाकता येत नाही. पुढं भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम, मग नोंदणी. तोवर काकांना धीर धरावा लागेल.

तेव्हा तुमच्या गल्लीतली एखादी पोरगी स्टॉपवॉच आणि कागद घेऊन दारात आली, तर घटकाभर बसा तिच्यासमोर. आणि तिला कोणतं उत्तर हवं ते ओळखलंत, तरी ओळखलं नाही असंच दाखवा. तिला जर्नलवर सही घ्यायची असते.