मालकाचा बंपर

ट्रकवाल्याचं कुणाला काही पडलेलं नाही, अशी ओरड आपल्याकडे नेहमी होते. ती साफ खोटी आहे. टोलनाक्यावरचा त्याची वाट बघतो, आरटीओ त्याची आठवण ठेवतो, फायनान्सवाला तर पाच तारखेला सकाळी सातलाच फोन करून तब्येत विचारतो. या सगळ्यांत जास्त माया विम्याची. ती वर्षातून एकदाच उतू जाते, पण जाते तेव्हा मालकाच्या डोळ्यांत पाणी येतं.

एका गाडीचा मालक म्हणजे कोण, हे माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी बँकेची, माल व्यापाऱ्याचा, रस्ता टोलवाल्याचा आणि अपघात झाला तर चूक मालकाची. ड्रायव्हर तोच, मेकॅनिक तोच, आणि मे महिन्याच्या सुट्टीत क्लीनर त्याचा मुलगा. त्याला सगळे ‘शेठ’ म्हणतात. त्याचे पैसे लागत नाहीत.

तर या शेठचा विमा. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या तक्त्याप्रमाणे 20 ते 40 टन एकूण वजनाच्या मालट्रकचा नुसता थर्ड पार्टीचा हप्ता 43,950 रुपये. आपली दहा चाकी यातच बसते. 2018-19 मध्ये हा आकडा 39,299 होता. त्याच वर्षी 40 टनांच्या वरची धूड गाडी मात्र 38,308 मध्ये सुटत होती. गाडी जड, हप्ता हलका! 2019 च्या तक्त्यातही हा उलटा न्याय कायम होता. पुढे तो कुणाच्या तरी नजरेस आला आणि आपल्याकडे अन्याय जसे दूर होतात तसाच दूर झाला. जास्तीचा हप्ता खाली आला नाही, कमीचा वर गेला. आता मोठ्या गाडीला 44,242 पडतात. समतेची किंमत 292 रुपये.

जुलै 2018 मध्ये ट्रकवाल्यांनी देशभर आठ दिवस चाकं थांबवली होती. डिझेल, टोल यांच्या जोडीला थर्ड पार्टीचा हप्ता हेही एक गाऱ्हाणं होतं. आश्वासनं मिळाली, संप मिटला, आणि पुढच्या जूनमध्ये दहा चाकीचा हप्ता 43,037 झाला. संप केला नसता तर किती झाला असता, या विचारानं अजून कुणाकुणाला घाम फुटतो.

बरं, गाडी महिन्याला दहा हजार किलोमीटर पळो, नाहीतर लासलगावात लिलाव बंद म्हणून आठ दिवस चिंचेखाली उभी राहो, हप्ता तोच. गाडी नवी असो की जुनी, तरी तोच. सवलती नाहीत असं मात्र नाही. त्याच तक्त्यात विजेवरच्या गाड्यांना 15 टक्के, शाळेच्या बसला 15 टक्के आणि विंटेज मोटारीला चक्क 50 टक्के सूट आहे. हे ऐकून आमच्या ओळखीच्या एका मालकाचे डोळे चमकले. त्याची गाडी दोनदा इंजिन उतरवलेली, हॉर्न सोडून सगळं वाजणारी. म्हणाला, “माझी बसते का बघा की विंटेजमध्ये.” बघितलं. गाडी पन्नास वर्षांची हवी आणि धंद्याला लावलेली नको. म्हणजे श्रीमंताच्या गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली मोटार हा वारसा, आणि त्याच वयाची गाडी खंबाटकी चढताना दिसली तर ती भंगार.

थर्ड पार्टीनं दुसऱ्याचं नुकसान भरून निघतं, स्वतःच्या गाडीचं नाही. त्यासाठी ‘फुल’ काढावा लागतो. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर एका टपरीत एजंटानं या मालकाला फुलचा कागद दिला तेव्हा मी बाजूलाच चहा घेत होतो. “शेठ, टेन्शन सोडा. गाडीला ओरखडा गेला तरी कंपनी बघेल.” शेठनं टेन्शन सोडलं आणि पैसे दिले. चार महिन्यांनी कसारा घाटात पुढचा कंटेनर मागे घसरला. बंपर वाकला, दोन्ही हेडलाइट फुटले, मडगार्ड टायरवर बसलं. सर्व्हेअर आला. गाडीला देवळासारखी प्रदक्षिणा घातली, मोबाइलवर फोटो काढले, आणि हळूच विचारलं, “पॉलिसीत आयएमटी तेवीस घेतलंय का?”

“ते काय असतं?”

“दिवे, टायर, ट्यूब, मडगार्ड, बॉनेटच्या बाजूचे पार्ट, बंपर आणि रंग. कमर्शियल गाडीला हे वेगळे पैसे भरून घ्यावे लागतात.”

“मग फुलमध्ये राहिलं काय हो?”

“चेसिस आहे ना,” सर्व्हेअर म्हणाला. माणूस चांगला होता, त्याला वाईटही वाटलं असावं. ट्रक समोरून धडकला तर आधी बंपर जातो, हे विमा विकणाऱ्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तो आधी वगळतात. आणि वेगळे पैसे भरले असते तरी नव्या टायरच्या बिलातून झिजेचे म्हणून निम्मे कापलेच गेले असते.

त्याच पॉलिसीत पगारी ड्रायव्हर-क्लीनरच्या जबाबदारीची एक ओळ असते. तिचा दर डोक्यामागे 50 रुपये. अख्ख्या कागदावर स्वस्त म्हणावं असं एवढंच.

विमा कंपन्यांची बाजूही आहे, आणि ती खोटी नाही. अपघातात माणूस गेला तर त्यांच्या देण्याला वरची मर्यादा नाही. न्यायाधिकरण मृताचं वय, कमाई आणि मागे राहिलेली माणसं पाहून रक्कम ठरवतं, ती द्यावीच लागते. ज्या घरचा कर्ता ट्रकखाली गेला त्या घराला पैसे मिळालेच पाहिजेत, यात थट्टेला जागा नाही. विमा नसताना पकडलं तर पहिल्या वेळी 2,000 रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. 2,000 आणि 43,950 यांची वजाबाकी करून पाहणारे महाभाग असतातच. पण अपघात घडलाच तर विना विम्याची गाडी सोडू नये, तिचा लिलाव करून भरपाईची सोय करावी, असं सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्येच बजावलं आहे. तेव्हा विमा हवाच. कुणीही शहाणा मालक त्याला नाही म्हणत नाही.

तो एवढंच विचारतो, की माझा खर्च राजपत्रात छापून येतो, मग माझी कमाई टपरीवर का ठरते? हप्त्यात घासाघीस नाही. भाड्यात घासाघीशीशिवाय दुसरं काही नाही. “घ्यायचं तर घे, मागे चार गाड्या उभ्या आहेत,” हे दलालाचं वाक्य ऐकल्याशिवाय कुठलीच गाडी भरत नाही. शंभर गाड्यांचा ट्रान्सपोर्टवाला विमा कंपनीशी ‘फुल’च्या दरावर बोलणी करतो, आणि त्याच गाड्यांच्या जोरावर भाडंही पाडतो. एका गाडीवाला दोन्हीकडे मान डोलावतो.

सरकारनं कराचा भार हलका केला हे मान्य करायला हवं. मालट्रकच्या थर्ड पार्टीवरचा जीएसटी आधी 18 टक्के होता. 1 जानेवारी 2019 ला तो 12 झाला आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 5. दहा चाकीच्या हप्त्यावर तीन हजारांच्या वर बचत. ती मालकाच्या खिशात पडलीही असती, पण ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातही टीव्ही असतो. “विमा स्वस्त झाला ना तुमचा?” असं हसत म्हणून तिथल्या शेठजींनी पुढच्याच खेपेला हजार रुपये उतरवले. चार खेपांत दिल्लीची दिवाळी वसूल.

आता यातला सगळ्यात गोड भाग. 1938 च्या विमा कायद्यात 64 व्हीबी नावाचं कलम आहे. हप्ता आगाऊ हातात पडल्याशिवाय कंपनीनं जोखीम घ्यायचीच नाही, असं ते सांगतं. शिस्तीचं कलम आहे, मला आवडतं. भाड्याला मात्र असलं कलम नाही. निघताना डिझेलपुरता ॲडव्हान्स. उरलेले पैसे माल उतरून पोच परत आल्यावर, त्यातून कमिशन, हमाली, वाराई आणि ‘दोन कट्टे भिजले’ वजा करून. पोच मिळाली तर शेठजी गावाला गेलेले. शेठजी आले तर ‘पार्टीचं पेमेंट अडकलंय’. तेवढ्यात पॉलिसीची तारीख उजाडते आणि मालक हप्त्यासाठी व्याजानं पैसे काढायला निघतो. स्वतःचेच पैसे बाजारात अडकलेले असताना.

भाड्याला 64 व्हीबी लावा, अशी मागणी करायचा माझा विचार होता. पण ती समितीकडे जाईल, आणि समितीचा अहवाल येईपर्यंत या मालकाची गाडी खरंच विंटेज होईल. म्हणून विनंती थेट व्यापारी आणि ट्रान्सपोर्टवाल्यांनाच. तुमच्या टेबलाच्या खणात कुणा एका गाडीवाल्याची पोच दोन महिने पडून असेल तर ती काढा आणि याच आठवड्यात त्याची बाकी चुकती करा. त्याला पॉलिसी उधार मिळत नाही.