शेवटचं भांडं

मडकं बोटांनी वाजवून पाहावं आणि खणखणीत वाजलं तरच घ्यावं, अशी आपल्याकडची रीत. पण ज्या मडक्यात शेवटी आपल्यालाच मुक्काम करायचा, ते मात्र दुसराच कुणीतरी घाईघाईत, न वाजवता आणतो. भावसुद्धा करत नाही. जन्मभर मेथीच्या जुडीवर दोन रुपये कमी करून घेणाऱ्या माणसावर हा अन्यायच. म्हणून ठरवलं, आपलं भांडं आपणच निवडायचं, आणि निवडायचंच तर नदी-मातीला त्रास न देणारं निवडायचं.

परदेशात या विषयाचा केवढा विचार झालाय! मिठाचा कलश मिळतो, तो पाण्यात काही तासांत विरघळतो. कागदाच्या लगद्याचा थोडा वेळ तरंगतो, म्हणजे मंडळींना हात जोडायला सवड मिळते, आणि मग तळाशी जातो. काही कलशांत झाडाचं बी घालायची सोय असते. मरून आंबा व्हायची कल्पना मला फार आवडली. नातवंडांना कैऱ्या, आणि पोरांनी दगड मारले तरी आपली तक्रार नाही. पण चौकशी केल्यावर कळलं, हाडांची राख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. ती चांगलीच अल्कधर्मी असते, वर क्षारही भरपूर. नुसत्या राखेत लावलेलं रोप तग धरत नाही. तिच्यात भरपूर माती मिसळावी लागते.

"अहो, म्हणजे तेव्हाही तुम्हाला कुणीतरी सौम्य करून घ्यायचंच," सौ. म्हणाली.

या राखेचं वजन पोटाच्या घेरावर नसतं, हाडांवर असतं. मोठ्या माणसाची दाहिनीतून निघणारी राख साधारण दोन ते तीन किलो भरते. चरबी सगळी धुराबरोबर जाते. म्हणजे आमच्या शेजारच्या उंच, सडपातळ, रोज पहाटे पळणाऱ्या गृहस्थांना माझ्यापेक्षा मोठा कलश लागणार. या एका माहितीने मला जो आनंद झाला, तो अध्यात्मात बसणारा नव्हता.

विरघळणारा कलश सगळ्यांनाच परवडतो असं नाही. क्रांतिकारक श्यामजी कृष्ण वर्मा १९३० साली जिनिव्हात वारले. त्यांच्या अस्थी स्वतंत्र भारतात नेल्या जाव्यात अशी त्यांची इच्छा होती, आणि त्या मायदेशी आल्या २००३ साली. तेव्हा हे कागदाचे-मिठाचे प्रकार असते आणि कुणी हौसेने तसला कलश घेतला असता, तर? ज्याला वाट पाहायची आहे त्याने टिकाऊ भांडं घ्यावं. नेहरूंचं काम त्या मानाने सुटसुटीत. १९५४च्या मृत्युपत्रात त्यांनी लिहून ठेवलं होतं, मूठभर रक्षा प्रयागला गंगेत आणि बरीचशी विमानातून शेतांवर. आपल्यासाठी विमान कोण पाठवणार? आपल्याला आळंदी, नाहीतर नाशिकचं रामकुंड.

तर मग आपलं साधं मातीचं मडकं. ते पर्यावरणपूरक, असं मी छातीठोकपणे सांगणार होतो. पण मध्ये इनामगाव आडवं आलं. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या या गावच्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन-दोन मडक्यांत. पोरं उंबऱ्याबाहेर जाऊ नयेत असं त्या आयांना वाटलं असेल. वस्ती उठली, मडकी राहिली. भाजलेली माती कुजत नाही. बिचारी कुणाचं वाईटही करत नाही म्हणा. दोन-तीनशे किलो लाकूड जाळून झाल्यावर मडक्याच्या चारित्र्याची चौकशी करणं जरा अतीच. आणि काठावर तेच मडकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीसकट पाण्यात सोडणारे पाहिले की वाटतं, भांड्याआधी माणसंच थोडी भाजून पक्की करायला हवी होती.

तरीही हट्टाने कुंभारवाड्यात गेलो. शाडूचा गणपती बादलीत विरघळतो, तर न भाजलेलं मडकं नदीत का विरघळू नये?

"कच्चं मडकं पाहिजे," मी म्हणालो.

कुंभाराने हातातलं मडकं टिचकी मारून बाजूला ठेवलं. बोटांच्या रेषांत माती वाळून पांढरी झाली होती. "काका, कच्च्यात पाणी घातलं की बसतंय ते."

"तेच हवंय."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी कारण सांगितलं. तो अजिबात दचकला नाही. "कुणासाठी?" एवढंच विचारलं. माझ्यासाठी म्हटल्यावर मात्र हसला. "मग उन्हाळ्यात न्या. पावसात नेलं तर नदीपर्यंत पोचायचं नाही." आता उन्हाळा ठरवणं माझ्या हातात असतं, तर मडक्यासाठी कुंभारवाड्यात कशाला आलो असतो! भाव मात्र केला. दहा रुपये कमी झाले.

घरी आणलं तेव्हा सौ. काही बोलेल अशी भीती होती, कारण अस्थींचं मडकं घरात आणत नाहीत, बाहेर झाडाला टांगतात. तिने ते उलटसुलट करून पाहिलं.

"भरल्यावर आणायचं नसतं. रिकाम्याला काय होतंय?" ती म्हणाली. "तोवर यात लसूण ठेवते."