लाईन आणि ऑर्केस्ट्रा

महालक्ष्म्यांच्या जेवणाला भाचा पुण्याहून आला होता. सोळा भाज्या, आंबील आणि पुरणपोळी पोटात गेल्यावर माणूस वाद घालायच्या अवस्थेत राहत नाही. तो फक्त आडवा होतो. आम्ही दोघंही ओसरीत आडवे झालो होतो. अशा वेळी त्यानं मोबाईल काढला आणि म्हणाला, "मामा, एक ऐकवतो. इलेक्ट्रॉनिक संगीताचा लाइव्ह अल्बम आहे, आणि सोबत ऑर्केस्ट्रा आहे."

मी डोळे मिटूनच म्हणालो, "ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर इलेक्ट्रॉनिक आलंच. त्यात 'सोबत' काय?"

तो जरा वेळ गप्प बसला. पुण्यात शिकलेली मुलं गप्प बसली की समजावं, त्यांना आपली दया आली आहे.

पण चूक माझी नव्हती. आमच्या चिखलीत ऑर्केस्ट्रा या शब्दाला एकच अर्थ होता. गणपतीत चौथ्या-पाचव्या दिवशी मंडळाच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं असे, 'आज रात्री ठीक ९ वाजता भव्य ऑर्केस्ट्रा'. त्यातल्या 'ठीक ९'चा अर्थ साडेदहा आणि 'भव्य'चा अर्थ सात माणसं. एक कॅसिओवाला, एक ऑक्टोपॅडवाला, एक ढोलकवाला, एक काँगोवाला, 'किशोरचा आवाज', 'लताचा आवाज' आणि चमकीचा कोट घातलेला निवेदक. कॅसिओ कुठल्याही कंपनीचा असला तरी कॅसिओच, जसं कुठलंही वनस्पती तूप डालडा. आठवा माणूस सॅक्सोफोन घेऊन आला, तर पार्टी मोठी आहे म्हणून वर्गणी देणाऱ्यांना पुढच्या रांगेत खुर्च्या मिळत. बाकी जनता सतरंजीवर.

व्हायोलिनचा ताफा, कंडक्टर, त्याची काठी हे सगळं आम्ही फक्त सिनेमात पाहिलेलं. आमच्याकडे कंडक्टर एसटीत असे, आणि त्याच्याही हातात काठी नव्हती, पंच होता.

तेव्हा विजेवरचं वाद्य हे आम्हाला परकं कधी वाटलंच नाही. वरातीतला बेंजो घ्या. जपानात नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता नावाच्या माणसानं तारांवर टाइपरायटरसारख्या कळा बसवून एक वाद्य केलं. त्याचं नाव तैशोगोतो. ते हिंदुस्थानात येऊन बुलबुलतरंग झालं, आणि आमच्याकडे त्याला कर्णा आणि ॲम्प्लिफायर जोडल्यावर त्याचा बेंजो झाला. अमेरिकेतल्या खऱ्या बँजोशी याचं नातं फक्त नावापुरतं. हातगाडीवर बॅटरी, पुढं बेंजो, मागं ताशे, आणि त्याच्याही मागं नवरदेव घोड्यावर ताटकळलेला. वीज आणि वाद्यवृंद यांचं लग्न आमच्या रस्त्यावर रीतसर लागलेलं होतं. फक्त त्याचा अल्बम कुणी काढला नाही.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे मामा, पण हे ऐका तरी."

अल्बम निघाला फ्रेंच माणसाचा. जाँ-मिशेल जार. त्याचे वडील मोरिस जार यांनी 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'ला संगीत दिलं होतं, म्हणजे बाप वाळवंटभर पसरणाऱ्या मोठ्या वाद्यवृंदाचा. मुलगा निघाला तारा, बटणं आणि दिव्यांचा. घरोघरी असंच असतं. आमच्या वडिलांना भजनी मंडळातल्या पेटीवरसुद्धा कुणी कॅसिओ ठेवलेला खपत नसे. १९८१ च्या ऑक्टोबरात हा जार आपली यंत्रं घेऊन चीनमध्ये गेला आणि बीजिंग व शांघायमध्ये मिळून पाच कार्यक्रम केले. सांस्कृतिक क्रांतीनंतर पाश्चात्त्य पॉप कलाकारानं चीनमध्ये वाजवायची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी त्याचा दुहेरी अल्बम आला. त्यात एका जागी पेकिंग कॉन्झर्व्हेटरीचा वाद्यवृंद त्याच्याबरोबर वाजवतो. चाल जुनी चिनी, संध्याकाळी परतणाऱ्या मासेमारांच्या होड्यांची.

तो भाग आला तेव्हा मी उठून बसलो. आधी सगळं यंत्राचं, टिकटिक करत पळणारं. पुढं तर लेझर हार्पही आहे. म्हणजे उभ्या प्रकाशरेषांच्या तारा, त्यात हात घातला की सूर निघतो. (आमच्याकडे तारेत हात घातला की वेगळाच सूर निघतो.) पण त्याआधी एकदम ती चिनी तंतुवाद्यं. काठावर बसून पाणी बघावं तसं. यंत्र मागं सरलं होतं. पाहुणा घरच्या म्हाताऱ्याला बोलू देतो ना, तसं.

"वाजवणारे किती?" मी विचारलं.

"बरेच. पण गंमत ऐका मामा. म्हणतात की बीजिंगच्या कार्यक्रमाला वीज इतकी लागली की आजूबाजूच्या वस्त्यांची लाईट बंद ठेवावी लागली."

मी हसलो नाही. मला आत कुठंतरी ओळख पटली. आमच्याकडे त्याला लाईट जाणं म्हणत नाहीत, 'लाईन गेली' म्हणतात. दिवसातून दोनदा-तीनदा ती जात असे, आणि गावात कुठंही रोषणाई झाली की हमखास जात असे. बीजिंगच्या त्या अंधारलेल्या गल्ल्यांत बसलेल्या कुणा म्हाताऱ्यानं नक्की विचारलं असेल, लाईन कायले गेली बापा? आणि कुणीतरी सांगितलं असेल, एक फ्रेंच माणूस पेटी वाजवतोय म्हणून.

भाच्याला मग मुंबईचीही एक गोष्ट आठवली. त्याच १९८२ साली चरणजित सिंग यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एक एलपी काढली. सिनेमाच्या स्टुडिओत आणि लग्नसमारंभांत वाजवणारा हा माणूस. त्यांच्या हाताखाली रोलँड कंपनीची तीन यंत्रं, एक सूर देणारं, एक खर्ज देणारं आणि एक ठेका धरणारं. रेकॉर्ड कुणी फारशी घेतली नाही. २०१० च्या सुमारास ती पुन्हा निघाली, तेव्हा युरोपातल्या जाणकारांनी कपाळावर हात मारला. शिकागोच्या तरुणांनी जे १९८७ च्या आसपास नवं म्हणून केलं, त्याच्या जवळपास जाणारा आवाज मुंबईतल्या या गृहस्थानं पाच वर्षं आधी काढून ठेवला होता. म्हातारपणी त्यांना युरोपच्या रंगमंचावर बोलावून वाजवायला लावलं. २०१५ साली ते गेले. मला ही गोष्ट ऐकून उगीच आमचे कॅसिओवाले आठवले. त्यांच्यातल्या कुणी शिकागोच्या आधी काय काय केलं असेल, कुणास ठाऊक. टेपरेकॉर्डर कुणी आणला नव्हता.

लाइव्ह या शब्दाचं मला फार कौतुक नव्हतं. रिक वेकमन नावाच्या इंग्रज कीबोर्डवाल्यानं १९७४ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राला घेऊन एक अख्खा अल्बम लाइव्ह केला. का, तर एवढा वाद्यवृंद स्टुडिओत बसवणं परवडेना. हे मला पटलं. आमच्या मंडळाचंही सगळं परवडण्यावरच असायचं. रात्री बारानंतर ऑर्केस्ट्राचा दर वाढत असे, म्हणून पावणेबाराला 'शेवटचं गाणं' जाहीर होई आणि एका तासात अशी चार शेवटची गाणी होत.

पण त्या चिनी अल्बममध्ये दुसरंच काही ऐकू येत होतं. शेवटी एका चालीत कॅमेऱ्याचं बटण दाबल्याचा आवाज आहे, क्लिक, क्लिक, आणि तोच ठेका. मधेमधे माणसांचे आवाज आहेत. मी ते पुन्हा लावायला लावलं.

मला आमच्या चौकातली एक रात्र आठवत होती. 'किशोरचा आवाज' रंगात आला होता, ऑक्टोपॅडवाल्यानं काठ्या हवेत फिरवल्या, आणि लाईन गेली. कॅसिओ मेला. बेस मेला. निवेदकाचा इको 'नमस्कार'च्या 'स्कार'वर गळा आवळल्यासारखा थांबला. अंधारात पाच हजार माणसं एकाच सुरात "हेऽऽऽ" म्हणाली (पाच हजार हा मंडळाचा आकडा). इतक्यात ढोलकवाल्यानं ठेका धरला. त्याला लाईन लागत नव्हती. गायकानं माइक बाजूला ठेवून आहे तेवढ्या गळ्यानं तोच अंतरा पुन्हा उचलला. कुणीतरी पेट्रोमॅक्स आणला. मागच्या रांगेपर्यंत गाणं पोचत नव्हतं, म्हणून मागच्यांनी स्वतःच म्हणायला घेतलं, आणि पुढच्यांपेक्षा अर्धी ओळ मागं राहून म्हटलं. इको तसाच राहिला.

कॅसिओवाला मात्र तसाच बसून होता, मुक्या कळांवर हात ठेवून, ओठांनी सूर धरत. लाईन आली तेव्हा त्याची बोटं बरोबर जागेवर होती, पण यंत्र नव्यानं चालू झाल्यामुळं त्यातून बासरीऐवजी पियानो वाजला. लोकांनी त्यालाच टाळ्या दिल्या.

हे सांगत असतानाच आमच्याकडे लाईन गेली. पंखा थांबला. आतून बहीण म्हणाली, "घ्या, महालक्ष्म्यांच्या दिवशी पण." कोपऱ्यातला इन्व्हर्टर जागा झाला आणि दर दोन सेकंदांनी पी, पी करू लागला. भाच्याच्या मोबाईलवर तोच कॅमेऱ्याचा ठेका पुन्हा चालू होता. क्लिक, पी, क्लिक, पी.

भाचा मान हलवत ऐकत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "मामा, हा मधला आवाज मला आधी कधी ऐकू आला नव्हता हं."